ताटाची डावी बाजू

शालनला पहिला संशय आला तो चटणीवरून.

आता चटणीवरून कुणाला संशय येतो का, म्हणाल. पण शालन गरडची चटणी म्हणजे काही साधीसुधी गोष्ट नव्हती. टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंतच्या निम्म्या ढाब्यांवर तिचीच शेंगदाण्याची चटणी जायची. उखळात कुटलेली, तेल सुटलेली, जिभेवर ठेवली की कानशिलं गरम करणारी. आणि या चटणीचं पहिलं गिऱ्हाईक घरातच होतं. तिचा नवरा नवनाथ, वीस वर्षं लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा गडी. ट्रिपवरून आला की हातपाय धुऊन बसायचा आणि भाकरी ताटात पडायच्या आत चटणीत बोट घालायचा. "लोकांना विकतीस ती येगळी आन् मला देतीस ती येगळी, खरं सांग," असं दर वेळी म्हणायचा. शालन दर वेळी "छे, येकच हाय" म्हणायची. खरं तर ती वेगळीच असायची. घरच्या चटणीत लसूण जास्त.

हाच नवनाथ दिवाळीनंतर चटणीला शिवेनासा झाला.

शालनचं ताट वाढणं सासूच्या शिस्तीतलं होतं. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कांदा. उजवीकडे भाजी आणि आमटी. सासू जाऊन बरीच वर्षं झाली, पण शालनचा हात त्या जागा चुकत नसे. एकदा चटणी राहिली, तिला वाटलं तोंड आलं असेल. पुढच्या खेपेला परत राहिली, शेजारचं लिंबूही पिळलेलं नाही. तिसऱ्यांदा भाजी-आमटी चाटूनपुसून साफ आणि डावी बाजू जशीच्या तशी, तेव्हा मात्र तिनं विचारलंच.

"का वो, चटणी का ठिवली?"

"कुठं हाय चटणी?" ताटावरून नजर न उचलता तो म्हणाला. "आज दिलीच न्हाईस की."

समोरची चटणी दिसत नाही म्हणणारा नवरा एक तर थट्टा करत असतो, नाही तर खोटं बोलत असतो. थट्टा त्याच्या तोंडावर नव्हती. मग शालन बारकाईनं बघायला लागली, आणि बघायला लागल्यावर काय, दिसतच गेलं. दाढी केलेली, पण डाव्या गालावर खुंट तसेच. मिशी उजवीकडून कातरलेली, डावीकडून वाढलेली. हा माणूस कुणाच्या तरी घरून घाईघाईनं निघतोय, आणि तिथं कुणाची तरी चटणी याच्या तोंडाला लागलीय, असं तिनं मनाशी धरलं. रांडेला लसूण तरी धड सोलता येतो का, असंही तिच्या मनात येऊन गेलं. राग तर आलाच, पण रागापेक्षा भीती मोठी होती. वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो घरी येऊनही घरी आल्यासारखा वाटेना.

कुणाला विचारावं? नवनाथला आरपार ओळखणारा माणूस एकच होता, इकबाल मुल्ला. पूर्वी लांबच्या ट्रकवर दोन ड्रायव्हर असत. एक चालवायचा, दुसरा मागच्या फळीवर झोपायचा, मग अदलाबदल. नवनाथ आणि इकबाल अशी जोडी चौदा वर्षं टिकली होती. दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग देऊन डोळे मिटायचे, याला केवढा विश्वास लागतो ते ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. क्लीनरला तर त्याआधीच घरी बसवलं होतं. तो डाव्या सीटवर बसून डावीकडचा रस्ता बघायचा, म्हणून ट्रकच्या त्या अंगाला आजही सगळे क्लीनर साइडच म्हणतात. पुढे त्यांच्या मार्गदीप वाहतूक कंपनीनं निमजाग आणली आणि दुसरा ड्रायव्हरही गेला. इकबालनं हायवेला हवा-पंक्चरचं दुकान टाकलं.

ही निमजाग काय भानगड, ते आता सांगायला हवं.

डॉल्फिन पाण्यात झोपतो कसा? पूर्ण झोपला तर बुडून मरेल. म्हणून तो मेंदूचा अर्धा भाग झोपवतो, अर्धा जागा ठेवतो, आणि थोड्या वेळानं पाळी बदलतो. बदकंही असं करतात. थव्याच्या कडेला बसलेलं बदक एक डोळा उघडा ठेवून झोपतं. माणसाच्या मेंदूचेही दोन भाग असतात, पण आपले दोन्ही एकदमच झोपतात. शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की कवटीवरून ठरावीक तालात सौम्य चुंबकी ठोके दिले, तर माणसाचाही एकच भाग गाढ झोपवता येतो. दुसरा जागा राहतो, गाडी हाकतो, बोलतो, हिशेब करतो. कपाळावर बांधायची पातळ पट्टी, तिच्यात हे यंत्र. ड्रायव्हर लोकांनी तिचं नाव बाशिंग ठेवलं.

बिनड्रायव्हरचे ट्रक तेव्हा येऊन गेले होते, पण बैलगाडी, शेळ्या आणि उलट्या दिशेनं येणारी मोटरसायकल यांच्यापुढे त्यांनी हात टेकले. आपोआप लागणारा ब्रेकही होता. तो इतक्या वेळा लागायचा, की माल वेळेवर पोचेना म्हणून कंपनीनं तो बंद करून टाकला. माणूस तर हवा, पण झोपणारा नको. निमजागनं नेमकं तेच दिलं. कायद्यानं ड्रायव्हरला सक्तीची विश्रांती होती. कंपनीनं दाखवून दिलं की पट्टी बांधलेला ड्रायव्हर चालवता चालवता विश्रांतीच घेत असतो. आणि विश्रांतीचा पूर्ण पगार कोण देतं? अर्धा मेंदू झोपलेला, म्हणून पट्टीच्या तासांना अर्धी मजुरी. कंपनीच्या कळंबोली डेपोतल्या सभेत एक म्हातारा ड्रायव्हर उठून म्हणाला होता, "मग ट्रकबी अर्धाच पळवू का, साहेब?" सगळे हसले. हसून झाल्यावर सगळ्यांनी सह्या केल्या, कारण पट्टीशिवाय गाडीच मिळणार नव्हती.

शालन दुकानात गेली तेव्हा इकबाल एका ट्रॉलीचं चाक खोलत होता. तिनं आडपडदा ठेवला नाही.

"इकबालभाई, खरं सांगा. तुमच्या दोस्ताचं बाहेर काय चाललंय?"

इकबालनं पाना खाली ठेवला. "वैनी, बाई-बिई काय न्हाई. तेवढी फुरसद कुठं हाय त्याला? पन..."

"पन काय?"

"परवा इथं थांबला होता. गाडीतनं उतरला, टॉमी घेतली."

टॉमी म्हणजे लोखंडी दांडा. ड्रायव्हर कुठंही थांबला की आधी त्या दांड्यानं गाडीभोवती फिरून एकेक टायर ठोकून बघतो. हवा आहे का नाही ते आवाजावरून कळतं. कितीही कॅमेरे आले, सेन्सर आले, तरी ही सवय सुटलेली नाही. चहाच्या आधी टायर.

"उजव्या अंगाचे समदे टायर ठोकले त्यानं," इकबाल म्हणाला. "मग टॉमी ठिवली आन् चहा मागितला. म्या म्हटलं, क्लीनर साइड ऱ्हायली की रे. तर म्हनतो, झाली की समदी. वैनी, चौदा वर्सं म्या त्याच्या ठोकन्यावर झोपलोय. ह्यो मानूस टायर सोडनारा न्हाई."

शालननं मग चटणीचं सांगितलं, दाढीचं सांगितलं. इकबाल ऐकता ऐकता खोललेल्या चाकावर टेकला.

"अम्मीला लकवा झाला होता," तो शेवटी म्हणाला. "डोळे चांगले होते, बरं का. पन अर्ध्याच ताटातलं खायची आन् म्हनायची, भूक लागलीय, अजून वाढ. सोलापूरच्या डॉक्टरनं समजावलं. म्हनला, मेंदूचा उजवा भाग डावीकडची दुनिया सांभाळतो. तो बंद पडला तर डावीकडचं डोळ्याला दिसतं, पन मानसाच्या ध्यानातच येत न्हाई. डावीकडं काय असतं हेच त्याला म्हाईत ऱ्हात न्हाई." इकबालनं हात पुसले. "आमी तिचं ताट फिरवून द्यायचो. फिरवलं की ऱ्हायलेलं खायची."

शालन घरी आली ती पाय ओढत. बाई असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. बाईशी भांडता तरी आलं असतं.

चार दिवसांनी नवनाथ आला. तिनं नेहमीसारखं वाढलं, समोर बसली. भाजी संपली, आमटी संपली, भाताचा उजवा अर्धा संपला आणि डावा ताटात तसाच राहिला, सुरीनं कापल्यासारखा. नवनाथनं हात चाटला.

"भात जरा कमीच झाला," तो म्हणाला.

शालननं ताटाला दोन बोटं लावली आणि ते अर्धं फिरवलं.

नवनाथचा चेहरा उजळला. "आत्ता गं! चटणी हाय की! आन् भातबी! कवा वाढलीस?" आणि तो जेवायला लागला. चटणी खाल्ली, कांदा खाल्ला, उरलेला भात खाल्ला. शालन पदर तोंडाशी धरून बघत राहिली. तिला रडू येत होतं आणि ते आवरत नव्हतं.

"आता का रडतीस?"

तिनं सगळं सांगितलं. आरसा आणून डावा गाल दाखवला, त्याचाच हात धरून खुंटावरून फिरवला. तो हादरला, पण कबूल होईना. माणसाला आपली चूक दाखवली तर पटते एक वेळ. आपल्याला अर्धं जगच दिसत नाही, हे कसं पटावं?

"आता तर पट्टी लई सुधारलीय," तो म्हणाला. "पहिल्या महिन्यात खरा ताप होता. कधी डावा भाग झोपायचा, कधी उजवा, आळीपाळीनं. डावा झोपला की माझी वाचाच बसायची. कंट्रोल रूम इचारायची, जागे आहात का? मला समजायचं, पन शब्दच फुटायचा न्हाई. समद्यांचीच बोंब होती. मग त्यांनी कायतरी दुरुस्त केलं. आता वाचा बसत न्हाई."

शालन त्याच्याकडे बघत राहिली. "दुरुस्त केलं का? का डावा भाग झोपवायचाच बंद केला?"

नवनाथ कपाळ चोळायला लागला.

"म्हंजी तवापासनं दर खेपेला उजवाच झोपवत्यात. घरी आल्यावरबी तो पुरता जागा होत न्हाई. तुमी त्यांच्याशी बोललं पायजे येवढंच त्यांना पायजे. डावीकडं कोन मरतंय का जगतंय, त्याचं त्यांना काय?"

"उगं संशय घेऊ नगंस. डॉल्फिनचं शास्त्र हाय ते."

"डॉल्फिन पाळी बदलतो म्हनं," शालन म्हणाली. "तुमची कोन बदलतंय?"

तो चिडून उठला. पट्टी सोडली तर गाडी जाईल, गाडी गेली तर या वयात दुसरं काय करणार, हे तो बोलला नाही. पण तिला कळत होतंच. आणि एक गोष्ट त्याहून मोठी होती. वीस वर्षांत नवनाथच्या गाडीखाली कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. तेवढ्या एका गोष्टीवर तो मान वर करून जगत होता. तेवढं गेलं तर हा माणूस उभा राहायचा नाही, हे शालनइतकं कुणाला ठाऊक होतं? कुणाच्या लेकराचा जीव जाईल तो वेगळाच.

म्हणून तिनं वाद बंद केला आणि म्हणाली, "मी येते एक खेप. चटणी द्यायचीच हाय सोलापूरच्या ढाब्यावर."

कंपनीची कुटुंबसहल नावाची एक योजना होती. वर्षातून एकदा बायकोला डाव्या सीटवर बसवून न्यायचं, एक फोटो काढायचा, तो कंपनीच्या कॅलेंडरात यायचा. नवनाथनं परवानगी मागितली, लगेच मिळाली. शालन त्या सीटवर पहिल्यांदा बसत नव्हती. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी क्लीनर गावच्या जत्रेला पळाला होता, तेव्हा तिनंच हैदराबादपर्यंत क्लीनरकी केली होती. खिडकीतून हात बाहेर काढायचा आणि दाराच्या पत्र्यावर मारायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे जाऊ दे. त्या खेपेत थापा मारून तिचा तळवा सुजला होता आणि नवनाथनं त्याला तेल चोळून दिलं होतं.

भर दुपारी ते निघाले. नवनाथच्या कपाळावर बाशिंग होतं, बारीक हिरवा दिवा लुकलुकत होता. तो छान गप्पा मारत होता. पण तिनं मुद्दाम थट्टा केली, "तुमच्यापेक्षा ह्यो ट्रक देखणा हाय," तर तो गंभीरपणे म्हणाला, "व्हय, नवा रंग दिलाय." पूर्वी त्यानं असं वाक्य हसल्याशिवाय सोडलं नसतं. डावीकडे बसून ती हळू बोलली, तर उत्तर यायचं नाही. तिला वाटलं, माझा नवरा इथं आहे आणि मी त्याच्या जगाच्या बाहेर बसलेय.

साखर कारखान्यांच्या हंगामाचे दिवस होते. रस्त्याच्या डाव्या कडेनं उसानं लादलेल्या ट्रॉल्या रांगेनं चालल्या होत्या. मोहोळ ओलांडलं आणि तिला पुढे एक ट्रॉली थांबलेली दिसली. चाक बसलेलं, मागचं अंग रस्त्यात आलेलं, आणि त्या चाकाशी उकिडवा बसून एक माणूस जॅक फिरवत होता.

"ट्रॉली," शालन म्हणाली.

तेवढ्यात कंट्रोल रूमचा गोड आवाज आला. "ड्रायव्हर, जागे आहात का?"

"जागा हाय, मॅडम," नवनाथ स्पष्ट म्हणाला. गाडी तशीच जात होती, त्याच वेगात, त्याच पट्ट्यात.

"अवो, ट्रॉली! मानूस हाय!" ती ओरडली.

"कुठं?" तो म्हणाला आणि उजवीकडे बघायला लागला.

हात धरावा तर स्टेअरिंग वेडंवाकडं जाईल. शालनला काही सुचलं नाही, म्हणजे विचार करून काही सुचलं नाही. तिचा हात आपणहून खिडकीबाहेर गेला आणि दाराच्या पत्र्यावर पडला. एकच थाप. सगळ्या अंगाचा जोर लावून.

नवनाथचा उजवा पाय ब्रेकवर गेला. त्यानं ठरवून नेला नाही. पायानं तो हुकूम वर्षानुवर्षं पाळला होता आणि उजव्या पायाला चालवणारा मेंदूचा डावा भाग जागाच होता. ट्रक किंचाळत, थरथरत थांबला. जॅकवाला माणूस हातातलं टाकून शेतात पळाला. ट्रकचं नाक आणि ट्रॉलीची मागची फळी यांच्यात एखादी बाई पाण्याची कळशी घेऊन तिरकी निघाली असती, एवढीच जागा राहिली होती.

"का थाप मारलीस?" नवनाथ धापा टाकत म्हणाला. "रस्ता तर मोकळा हाय."

शालननं त्याची हनुवटी धरली आणि लहान मुलाचं तोंड धुताना फिरवतात तसा त्याचा चेहरा डावीकडे फिरवला. फिरवतच राहिली. तेव्हा त्याला ट्रॉली दिसली. मग जॅक दिसला. मग शेतात उभा राहून थरथरणारा माणूस दिसला.

मग त्यानं कपाळावरची पट्टी सोडली.

"ड्रायव्हर, पट्टी का काढली?" तो गोड आवाज आला. "तुमची विश्रांती खंडित होत आहे."

"व्हय," नवनाथ म्हणाला. "होऊ द्या." त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टेअरिंगवर डोकं टेकवून हमसून हमसून रडला.

दोन दिवसांनी घरी कंपनीचा माणूस आला. ओंकार फडतरे, तरणाबांड, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधासारखं. हुद्दा विश्रांती अधिकारी. शालननं इकबालला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. अशा माणसाशी बोलताना आपल्याकडून एक साक्षीदार असावा, एवढी ती शहाणी होती.

"आधी जेवा," ती म्हणाली. जेवणवेळी आलेल्या माणसाला उपाशी पाठवायची तिच्या घरची रीत नव्हती, मग तो कोणीही असो. तिघांची ताटं मांडली. नवनाथ मध्ये, साहेब त्याच्या उजव्या हाताला, इकबाल समोर. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी, सासूनं शिकवलं तसं.

फडतऱ्यांनी जेवता जेवता बोलायला सुरुवात केली. "गरडसाहेब, घडलं ते वाईट घडलं, पण आपण त्याची वाच्यता करायची नाही. पट्टीत दोष नाही. तुमची घरची झोप कमी पडली असेल. तरीही कंपनी माणसांचा विचार करते. वहिनी शेजारी होत्या म्हणून अपघात टळला, हे आम्ही वर कळवलंय. आता एक नवी योजना काढतोय, सहचारिणी. वहिनींनी कायम डाव्या सीटवर बसायचं. चहा-नाश्ता कंपनीचा."

"आन् पगार?" शालननं विचारलं.

"पगार कसला, वहिनी? तुम्ही तर नवऱ्यासोबत फिरणार."

"आधी क्लीनर काढला," इकबाल ताटात बघत म्हणाला. "मग मला काढलं. आता दोघांचं काम वैनीनं करायचं, ते बी फुकट."

"तुम्ही कशाला मध्ये पडता?" फडतरे हसून म्हणाले. "गरडसाहेब, तुमची गाडी तुम्हालाच राहील. उद्यापासून चालू."

नवनाथनं शालनकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत लालूच होती, आणि लाजही होती. "शालन, बग बाई," तो म्हणाला. "यात वाईट काय हाय? गाडी ऱ्हाईल. तू असशील तर मी कुनाला मारनार न्हाई."

शालनला नाही म्हणायचं होतं, पण समोरचा माणूस गाडीशिवाय कसा वाळून जाईल, तेही दिसत होतं. ती नुसती त्याचं जेवण बघत राहिली. पट्टी काढून दोन दिवस झाले होते तरी इतक्या महिन्यांची सुस्तावलेली बाजू अजून पुरती जागी झाली नव्हती. भाजी संपली. आमटी संपली. चटणी तशीच. भाताचा डावा अर्धा तसाच. नवनाथ हात आवरायला लागला.

"नियम तसे सोपे आहेत," फडतरे बोलतच होते, "वहिनींचा एक फोटो लागेल, आणि त्यांची सही..." आणि बोलता बोलता, न बघता, डोळे वर न उचलता, त्यांनी उजव्या हातातला घास तसाच धरून डावा हात पुढे केला आणि नवनाथच्या ताटाला दोन बोटं लावून ते अर्धं फिरवलं.

इकबालचा घास तोंडाशीच थांबला.

आपण काय केलं हे फडतऱ्यांना उशिरा कळलं. हात मागे आला, पण आता त्याचा काय उपयोग? ताट फिरलेलं होतं. चटणी नवनाथच्या उजव्या हाताशी आली होती.

"साहेब," शालन अगदी हळू म्हणाली, "ताट फिरवायला तुमाला कुनी शिकवलं?"

"म्हणजे? मला वाटलं, त्यांना भात..."

"ही गोष्ट आमा तिघांबिगर कुनाला ठावी न्हाई. तुमाला कुनी सांगितलं?"

फडतरे पाण्याच्या तांब्याकडे बघायला लागले. कळंबोलीच्या कॅन्टीनमध्ये हे साहेब रोज ड्रायव्हरांच्या पंगतीत जेवतात, मोठ्या मनाचे आहेत, असं नवनाथनंच एकदा कौतुकानं सांगितलं होतं. ते आता नवनाथलाही आठवलं. किती जणांची ताटं फिरवली असतील या बोटांनी? दहा जणांची? शंभर? सवय लागेपर्यंत तर नक्कीच.

"तुमाला ठावं होतं," नवनाथ म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "आमाला डावीकडचं दिसत न्हाई, हे तुमाला जेवताना ठावं होतं. आन् जेवन झाल्यावर तुमी आमाला रस्त्यावर पाठवायचे."

"गरडसाहेब, निर्णय वरचे असतात. मी तर जेवढं होईल तेवढं..."

"ताट फिरवलं," नवनाथ म्हणाला. "व्हय. तेवढं केलंत तुमी."

त्यानं खिशातून ती पट्टी काढली आणि साहेबांच्या ताटाशेजारी ठेवली. "ही न्या. पुरता बरा झालो आन् इकबाल जोडीला असंल तर स्टेअरिंग धरीन. पुरत्या मानसाला पुरती मजुरी. न्हाईतर मी टायर ठोकून पोट भरीन, दोन्ही अंगाचे. आन् कळंबोलीत जाऊन परत्येक ड्रायव्हरचं ताट म्या सोता फिरवून दावनार हाय, त्याच्या बायकोच्या म्होरं."

फडतरे वर कळवतो म्हणाले. कळवतील यावर कुणाचा विश्वास बसला नाही, बहुधा त्यांचाही नसावा. हात धुतला न धुतला करून ते निघून गेले. ताटात चटणी तशीच टाकून.

शालन नवनाथचं ताट उचलायला वाकली. "ऱ्हाऊ दे," नवनाथ म्हणाला. त्यानं ताटाला दोन बोटं लावली आणि ते होतं तसं उलट फिरवलं. चटणी पुन्हा डावीकडे गेली, त्याच्या जगातून नाहीशी झाली.

मग त्यानं उजव्या हाताचं बोट ताटाच्या काठावर ठेवलं आणि काठाकाठानं डावीकडे न्यायला लागला. बोटाच्या मागून डोळे, डोळ्यांच्या मागून मान. कपाळावर घाम आला. दगड ढकलावा तसा तो स्वतःचा चेहरा ढकलत होता. इकबालचा हात मदतीला पुढे झाला, शालननं तो धरून मागे ठेवला. बोट भातावरून गेलं, मिठाला लागलं, लिंबाला लागलं, आणि चटणीत बुडालं.

नवनाथनं ते बोट तोंडात घातलं. डोळे मिटले. बराच वेळ चघळत राहिला.

"लसूण जास्त हाय," तो म्हणाला. "लोकांना विकतीस ती येगळी आन् मला देतीस ती येगळी. खरं सांग."

शालनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती त्याच्या डाव्या अंगाला जाऊन बसली.

"व्हय," ती म्हणाली. "येगळीच हाय."